शेजारची भिंत

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सातविणीची दोन झाडं आहेत. वर्षभर ती पहारेकऱ्यासारखी गप्प उभी असतात, कुणी मान वर करून त्यांच्याकडे बघत नाही. मग ऑक्टोबर लागतो, रात्रीचा पंखा एकाने कमी करावासा वाटतो, आणि एका संध्याकाळी त्यांना काय होतं कोण जाणे, हिरवट पांढऱ्या गुच्छांनी ती सगळा परिसर ताब्यात घेतात. वास असा की आधी वेलदोड्यासारखा वाटतो, मग थेट कपाळात शिरतो. सूनबाई खिडक्या लावून घेते, तिचं डोकं दुखतं. नात सई नाक मुरडून म्हणते, "आजी, ही स्मेल आली ना, की समजायचं दिवाळी आली." सातवीण हा शब्द तिच्या गावीच नाही. दिल्लीत वाढलेल्या पोरांचे असे बरेच शब्द वाटेत कुठेतरी गळून गेलेले असतात. मी खिडकी पुन्हा उघडते. या वासाने माझं डोकं दुखत नाही. माझ्या पोटात दुखतं.

ऋतू पालटला की लोकांना काय काय आठवतं. कुणाला माहेर, कुणाला आईच्या हातची चकली, कुणाला गच्चीवरून दिसणारी शेजारची मुलगी. मला रूथ आठवते. ऐंशी ओलांडली, दात गेले, गुडघे गेले, ह्यांनाही जाऊन बरीच वर्षं झाली. रूथचा हेवा तेवढा शाबूत आहे. तो अजून चालता-फिरता आहे, त्याला काठी लागत नाही.

तेव्हाची मी आठवते आणि मला हसू येतं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी, पस्तिशीची कुसुम. हे केंद्र सरकारच्या एका खात्यात, मुलगा तिसरीत, आणि बाईसाहेब फोटोग्राफर! खांद्याला कॅमेऱ्याची चामडी पेटी, साडीवर कॅनव्हासचे बूट, आणि चालणं असं, की जणू राष्ट्रपती भवनातून बोलावणं आलंय. बोलावणं असायचं लोदी कॉलनीतल्या बारशाचं.

न्हाणीघर हीच माझी डार्करूम. लाल दिवा लागायच्या आत घरातल्यांनी आपापले विधी उरकून घ्यायचे, हा नियम. आत औषधांचा आंबूस वास, बादलीवर फळी, फळीवर तीन ताटल्या, आणि दोरीला चिमट्यांनी टांगलेली मंडळी: नवरदेव, विहीण, नुकतंच जावळ काढलेलं पोर, सगळे टपटप पाणी गाळत वाळत असायचे. शेजारच्या पंजाबी बहनजींनी एकदा झरोक्यातून तो लाल उजेड पाहिला आणि भक्तिभावाने विचारलं, "आपके यहाँ माता की जोत जलती है?" मी म्हणाले, "हाँ जी." तेव्हापासून नवरात्रात त्या रोज प्रसादाचा हलवा आणून द्यायच्या. हलवा उत्तम असायचा. खोटं बोलल्याचा पश्चात्ताप अष्टमीपर्यंत पुढे ढकलला जायचा.

दिल्लीत फोटोग्राफर काय कमी होते? करोल बागेत दोन दुकानांआड एक स्टुडिओ. पण त्या लोकांना आमची लग्नं कळायची नाहीत. अंतरपाट धरला की त्यांना वाटायचं, आत कुणी कपडे बदलतंय. बिचारे शालीनपणे पाठ फिरवून उभे राहायचे आणि अंतरपाट खाली येतो तो एकुलता एक क्षण निसटून जायचा. मला मंगलाष्टकं पाठ. कुठल्या आत्याबाईंनी स्वतः रचलेलं कडवं पदराआड लपवून आणलंय, हे त्यांच्या घशाच्या हालचालीवरून मला कळायचं. त्यामुळे इथल्या मराठी घरांतली लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, निवृत्तीच्या दिवशीचे हार, सगळी मक्तेदारी माझी. आणि त्याहून मोठी मक्तेदारी म्हणजे स्थळांना पाठवायचे फोटो. मुलगी दिल्लीत वाढलेली, स्थळं पुण्यात, मधलं अंतर माझ्या फोटोने कापायचं. नाक मोठं असेल तर चेहरा कुठे वळवायचा, उंच मुलीला खुर्चीत कसं बसवायचं, ठेंगणीच्या पायाखाली पाट कसा सरकवायचा, हे शास्त्र मी एकटीने उभं केलं होतं. त्या एका पाटावर अर्ध्या दिल्लीची लग्नं जमली.

माझा कॅमेरा छातीशी धरून वरून खाली बघायचा. म्हणजे फोटो काढताना माझी मान खाली आणि समोरच्यांची वर. "हनुवटी वर! डोळे माझ्याकडे! बंडू, तोंड मीट!" माझ्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघायचे. बघायचंच, हा माझा कायदा होता. जो बघत नसेल त्याचा फोटो वाया गेला असं मी धरायची.

आणि एवढं सगळं करून लोक मला म्हणायचे काय, तर "फोटोवाल्या काकू". दूधवाला, पेपरवाला, तशी फोटोवाली. आपल्या राज्याच्या सदनात कुणी मोठा पाहुणा आला, नाटकाचा प्रयोग झाला, की तिथे बाहेरचा कुणीतरी बाप्या गळ्यात दोन-दोन कॅमेरे घालून पुढच्या रांगेत. मी मागे, हळदीकुंकवाच्या बायकांत.

अशा त्या दिवसांत, सातवीण फुलायला लागली असताना, आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस नाना सायकल दामटत क्वार्टरवर आले. दिल्लीत तेव्हा ही झाडं आजच्यासारखी जागोजाग नव्हती. आमच्या वळणावर एकच होतं, आणि नाना त्याच्याखालीच सायकल लावायचे, त्यामुळे त्यांच्या टोपीला तो वास असायचा. म्हणाले, "वहिनी, चहा टाका, बातमी तशीच आहे." कोपर्निकस मार्गावरच्या सदनातून कळलं होतं, की प्रजासत्ताक दिनाचा आपल्या राज्याचा चित्ररथ लष्करी छावणीत कसा घडतो, तिथपासून तो राजपथावर येईपर्यंतचे सगळे फोटो काढायला या वेळी दिल्लीतलाच मराठी फोटोग्राफर हवाय. मंडळाने प्रदर्शन भरवायचं. मुंबईहून एक साहेब येतील, प्रदर्शन बघतील आणि त्यातून एकाला निवडतील.

"म्हणजे तुम्हालाच," नाना म्हणाले. "दुसरं आहे कोण?"

मला ते काम हवं होतं. किती हवं होतं, ते आता सांगताना लाज वाटते. स्वप्नात मी छावणीचा पास गळ्यात घालून हिंडायची. सकाळी पोळ्या लाटताना हात गळ्याशी जायचा, आणि पास नाही म्हणून पोळी करपायची. हे म्हणायचे, "एवढ्या पोळ्या राजपथावर नेणार आहेस का?"

आणि मग रूथ आली.

अहमदनगरची. भाऊ हिंदूरावच्या इस्पितळात डॉक्टर, त्याच्या क्वार्टरवर राहायला आलेली. हिंदूराव म्हटलं की आमच्या नानांची छाती फुगायची. "ग्वाल्हेरहून आलेला आपला माणूस! दिल्लीच्या टेकडीला आपलं नाव आहे, वहिनी!" त्या टेकडीवर माकडं राहतात, हे मात्र रूथने दाखवून दिलं. तिशीही गाठलेली नव्हती तिने. केस कापलेले, सुती साडी, डोळ्याला लावायचा छोटा काळा कॅमेरा. पुण्याच्या स्टुडिओत रीतसर शिकलेली. मराठी असं, की 'प्रकाशयोजना' म्हणायची आणि शब्द तोंडात अडकायचा नाही. आम्ही पंधरा वर्षं दिल्लीत राहून 'चलो' आणि 'अच्छा'वर आलेलो. ती बोलायला लागली की मंडळातली जुनी खोडं डोळे मिटून ऐकायची. तिच्या तर सहीचासुद्धा मला हेवा वाटायचा. दोन अक्षरं, फोटोच्या कोपऱ्यात टिकलीएवढी. माझी 'सौ. कुसुम'पासून निघायची आणि कुठल्यातरी काकांच्या धोतरावर जाऊन संपायची.

तिने मंडळात पहिल्यांदा आपले फोटो दाखवले तो दिवस मला आठवतो. सायकलला टेकून झोपलेला दूधवाला. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी आणि त्यांच्याखालून दिसणारी कुणाची तरी दोन पावलं. आणि ते माकड. टेकडीच्या कठड्यावर बसलेलं, आपल्याकडे पाठ, पुढे खाली सगळी धुरकट दिल्ली. एखादा निवृत्त अंडर सेक्रेटरी बसावा तसं बसलेलं. कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, "छान." पोटात कुणीतरी लिंबू पिळलं.

घरी आल्यावर ह्यांच्यावर राग. "माणसं नाहीत का हिच्या ओळखीची? माकडाची पाठ! पाठ काय, मीसुद्धा काढीन."

"काढ की," हे म्हणाले, पेपरातून डोकं वर न करता.

दुसऱ्या दिवशी मुलाला शाळेत सोडून मी गुपचूप बस बदलत हिंदूरावच्या टेकडीवर गेले. पस्तीस वर्षांची, लग्न झालेली, शहाणी बाई, माकडाची पाठ शोधत! माकडाने पाठ काही दिली नाही. पिशवीतली केळी काढेपर्यंत त्याला धीर निघाला नाही, त्याने पदर ओढला, तो टर्रकन फाटला. आणि त्या झटापटीत जो एक फोटो निघाला, त्यात माकड सरळ माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होतं. हनुवटी वर करून.

मंडळाच्या हॉलमध्ये प्रदर्शनाला दोन भिंती होत्या. समोरासमोर असत्या तर बरं, निदान पाठ फिरवता आली असती. त्या होत्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटलेल्या, माझी आणि तिची, शेजारणी-शेजारणी. ह्यांनी खिळे ठोकले, मी फ्रेमा टांगल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी: 'चि. मधुकरची मुंज', 'षष्ट्यब्दी', 'दिवाळी पाडवा'. स्थळांसाठीचे निवडक फोटोही लावले, प्रकाशयोजना दाखवायला. रूथ येऊन म्हणाली, "कुसुमताई, ती वरची दोरी वाकडी झालीय, धरू का?" मी म्हणाले, "असू दे, मुद्दाम आहे."

आणि लोक आले! शनिवारी माझ्या भिंतीसमोर उभं राहायला जागा नव्हती. "अगं, हा बघ आपला मध्या, केवढासा होता!" "ही मागची मी. मीच ती. अर्धीच आलेय, पण मीच." "अय्या, तुमची ती शालू नेसलेली जाऊ, आता नागपूरला असते ना?" शेजारच्या भिंतीसमोर मंडळी हात मागे बांधून झरझर पुढे सरकत. "छान. छान. माकड आहे. छान." मी पदराआडून बघत होते. त्या दोन दिवसांत माझ्याइतकी सुखी बाई दिल्लीत दुसरी नव्हती. रूथकडे बघून मी चक्क मायेने हसलेसुद्धा. जिंकणाऱ्या माणसाला माया परवडते.

रविवारी संध्याकाळी शरदाचं संमेलन. आमच्या मंडळाचा सोहळा म्हणजे घरोघरचा संसार हॉलमध्ये येऊन बसायचा. रंगमंचामागे कुणाच्या नारायणपेठी टांगलेल्या, सतरंज्या कुणाच्या, समया कुणाच्या, दुधाची पातेली कुणाची. गाणी झाली, आटीव केशरी दूध झालं, आणि नेहमीप्रमाणे शेवटी नाना माइकवर आले: "मंडळींनी आपापलं सामान आठवणीने घेऊन जावं. मागल्या खेपेला एक समई वर्षभर कपाटात पडून होती."

हॉलमध्ये आवराआवर सुरू झाली. मी माझ्या भिंतीपाशी गेले तर अप्पा तिथे उभे. आमच्या कॉलनीतले निवृत्त मास्तर. बायको गेल्याला त्यांच्या वर्ष होत आलेलं. षष्ट्यब्दीच्या फोटोत ती त्यांच्या शेजारी बसलेली, नथीचा मोती ओठावर आलेला. अप्पांनी फ्रेम खिळ्यावरून काढली, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि म्हणाले, "हिचा एवढा मोठा फोटो घरात नाही गं."

मी म्हणाले, "न्या अप्पा."

मग दुधाची पातेली घासायला बायकांनी हाक मारली म्हणून मी मागे गेले. पदर खोचून परत येते तो काय? माझी भिंत उघडी. मुंज नाही, पाडवा नाही, डोहाळजेवण नाही. अप्पांनी नेला तसा एकेकाने आपापला उतरवला. आपलं सामान! मध्याच्या आईने मध्या नेला. मुलीचं लग्न ठरलेल्या गृहस्थांनी मुलगी नेली, वर म्हणाले, "आता चारचौघांत कशाला टांगायची?" जी बाई अर्धीच आली होती, तिने तोही फोटो नेला, कारण अर्धी का होईना, होती तीच. कुणाच्या मनात पाप नव्हतं. जाताना सगळे हात हलवून "अच्छा काकू, फोटो फार सुंदर हं!" म्हणून गेले. बगलेत माझं प्रदर्शन.

शेजारची भिंत भरगच्च. माकडाला न्यायला कुणी आलं नव्हतं.

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. रूथ माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "ताई, निगेटिव्ह आहेत ना तुमच्याकडे? चला, मी येते तुमच्या घरी. दोघी मिळून सकाळपर्यंत छापू. थोडे तरी होतील."

शत्रूने शत्रूसारखं वागावं. असा भलेपणा करायला लागला की माणसाने द्वेष ठेवायचा कुठे? माझा संताप आणखी चढला. मान ताठ करून मी म्हणाले, "नको. ज्याला बघायची दृष्टी आहे त्याला खिळ्यांवरूनही कळतं."

काय हा तोरा! त्या कुसुमला आज भेटता आलं तर कान धरून न्हाणीघरात कोंडेन आणि म्हणेन, छाप मुकाट्याने.

साहेब आले. सफारीतले, हसतमुख. माझ्या भिंतीसमोर थांबले. ओळीने खिळे, लोंबणाऱ्या दोऱ्या आणि खाली चिठ्ठ्या. त्यांनी चष्मा सावरला, एक चिठ्ठी वाचली, वरच्या खिळ्याकडे बघितलं, दुसरी वाचली, पुन्हा खिळा. मग आदराने नानांना विचारलं, "हा काही नवा प्रकार आहे का?"

"नाही साहेब. लोकांनी नेले."

"चोरीला गेले?"

"छे छे! त्यांचेच होते."

साहेब पोट धरून हसले. चांगले होते हो, वाईट म्हणता येणार नाही. मला म्हणाले, "बाई, तुमचं काम पाहायला मला दिल्लीभर हिंडावं लागेल, आणि माझी तर संध्याकाळची गाडी आहे." मग ते शेजारच्या भिंतीकडे वळले. माकडासमोर ते इतका वेळ उभे राहिले, की माझा चहा निवून त्यावर साय आली. ते वळायच्या आतच मला कळलं होतं.

त्या वर्षीचा हिवाळा मी हेव्यावर काढला. लोकर विणावी तसा हेवा विणला. थंडी पडली, गवतावर दव, सकाळी धुक्यात दूधवाल्याची नुसती घंटा यायची, आणि मला वाटायचं, या धुक्याचा फोटो आत्ता ती काढत असेल. शेंगदाणे भाजल्याचा वास आला की वाटायचं, छावणीत शेकोटी असेल. मुलाच्या स्वेटरचा गळा तीनदा उसवला. आणि कामाला जाईन तिथे भिंतीवर मीच! या घरात शोकेसवर मुंज, त्या घरात फ्रिजवर पाडवा, अप्पांकडे देवघराच्या वर ती नथवाली. "काकू, तुमचा फोटो किती शोभतो बघा!" माझं प्रदर्शन दिल्लीभर लागलं होतं, फक्त बघायला बस बदलावी लागायची. त्याचं सुख व्हायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा प्रत्येक फ्रेम बघून वाटायचं, तू त्या सोमवारी खिळ्यावर असतीस तर!

संक्रांतीला मंडळाच्या बायका छावणीत तिळगूळ घेऊन जायच्या. चित्ररथाचे कारागीर कोल्हापूरकडचे, सणावाराला घरापासून लांब, म्हणून ही पद्धत. मी जाणार नव्हते. आदल्या दिवशीपर्यंत नव्हते. मग काळी साडी नेसले, डबा घेतला, आणि कॅमेऱ्याची पेटी आपोआपच खांद्यावर आली.

मोठमोठ्या मंडपांत भुश्शाचा, रंगाचा, सरसाचा वास. अर्धवट देऊळ, अर्धवट हत्ती, अंग रंगवलेलं पण तोंड अजून पांढरंफटक. बायका "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत पुढे गेल्या. मी मागे राहिले, आणि मला ती दिसली.

ट्रॉलीच्या चाकाजवळ जमिनीवर बसली होती. रोल कॅमेऱ्यात अडकला होता. उजेडात कॅमेरा उघडला असता तर आतले सगळे फोटो जळून गेले असते, म्हणून एका कारागिराने आपली घोंगडी दिली होती. कॅमेरा घोंगडीच्या आत, तिचे दोन्ही हात आत, बाहेर फक्त तिचा चेहरा. हातांनी चाचपत ती तो अडकलेला रोल सोडवत होती. बघायचं काहीच नव्हतं, म्हणून डोळे मिटलेले. कपाळावर आठी, ओठ किंचित उघडे, गालाला निळा रंग लागलेला. आजूबाजूला करवती चालल्या होत्या, कुणीतरी "ए पाटील, खिळे आण रं" ओरडत होतं, आणि तिच्या कानावर काही पडत नव्हतं. बाळंतिणीला सोडवणाऱ्या सुईणीच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

मी इतके महिने रात्रंदिवस तिचा विचार करत होते, पण तिच्याकडे नीट बघितलं ते त्या दिवशी.

"हनुवटी वर" म्हणाले नाही. हाकही मारली नाही. छातीशी कॅमेरा धरला, मान खाली घातली, आणि एकच फोटो काढला. मग तिळगुळाचा डबा शेजारी ठेवून निघून आले.

रात्री लाल दिव्यात ताटलीतल्या कागदावर आधी घोंगडीचा काळा डोंगर आला, मग त्यातून हळूहळू तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा. मला आधी आनंद झाला. आणि लगेच पाठोपाठ राग. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो मी काढला, तो रूथचा! आणि वर रूथसारखा! कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही! दार वाजवून हे आत आले, दोरीवर बघत राहिले. म्हणाले, "कुसुम, हा तुझा सगळ्यात—"

"पाय भिजतील, बाहेर व्हा," मी म्हणाले.

तो फोटो मी कुणाला दाखवला नाही. दाखवला असता तर लोक म्हणाले असते, वा, रूथ काय सुंदर आलीय! पुढे ती नगरला परत गेली, तिचं नाव झालं, तिला बोलावणी येत राहिली. मी लग्नं काढत राहिले. रंगीत फोटो आले, व्हिडिओवाले आले, न्हाणीघरात वॉशिंग मशीन आलं.

आता सई माझ्याच धंद्यात आहे. घोंघावणारं यंत्र आकाशात सोडते आणि वरून वऱ्हाडाची टकली टिपते. परवा खिडकीतून तो सातविणीचा वास येत असताना ती फोन नाचवत आली. "आजी, अख्ख्या एनसीआरमधल्या मराठी फोटोग्राफर्सचं एक्झिबिशन आहे! एकाने एकच फोटो द्यायचा. तू पण दे ना यार. बिल्कुल दे. तुझा बेस्टवाला."

ट्रंक उघडायला मी तिलाच लावली. तिने फोटो उचलला आणि ती बोलायची थांबली. सई बोलायची थांबते हे आमच्या घरात सहसा घडत नाही.

"आजी... ही कोण?"

सगळं सांगितलं. ती हसून हसून लोळली. म्हणाली, "मतलब तू फिफ्टी इयर्स जेलस आहेस?" मग एकदम गंभीर झाली. "पण परमिशन लागेल हं. आता ज्याचा फोटो, त्याला विचारावं लागतं."

घ्या! तेव्हा लोक न विचारता भिंतीवरून उतरवून नेत. आता मला विचारून लावायचाय.

नगरचा नंबर सईनेच कुठून कुठून मिळवला. फोनच्या चौकोनात एक पांढऱ्या केसांची म्हातारी उगवली. केस अजून कापलेलेच. "कुसुमताई! अहो, तुम्ही? किती वर्षांनी!" मराठी तसंच, धुतलेलं. मी इकडचं तिकडचं विचारलं. गुडघे तिचेही गेलेत, ऐकून बरं वाटलं. मग सईने फोटो फोनसमोर धरला.

रूथने चष्मा चढवला. फोन जवळ घेतला. बराच वेळ आम्हाला तिचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"घोंगडी," ती म्हणाली. "त्या पाटलांची घोंगडी." मग, "हा कुणी काढला?"

"मी."

"तुम्ही?"

त्या एका "तुम्ही"साठी मी पन्नास वर्षं थांबले असेन. पुन्हा कपाळ. आणि मग तिचा आवाज आला, जरा कोरडा, जरा घाईचा:

"ताई, डावीकडचं ते चाक कापायला हवं होतं."

सई फोनच्या मागून कुजबुजली, "किती रूड!" पण मी खुर्चीत सरळ होऊन बसले. अहो, ही बाई त्या दिवसांत माझ्या प्रत्येक फोटोला "छान आहे हं, ताई" म्हणायची. मुंज छान, पाडवा छान, नथ छान. ज्यात आपल्याला काहीच दुखत नाही, त्यालाच माणूस असं सरसकट छान म्हणतो. आज पहिल्यांदा तिने माझ्या फोटोत चूक शोधली. पहिल्यांदा तिला शोधावीशी वाटली!

"चाक राहणार," मी म्हणाले.

खरं म्हणजे तिचं बरोबर आहे. वरून बघायच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं. त्या दिवशी घाईत मी कॅमेरा भलत्याच बाजूला सरकवला, आणि चाक आपलं चुकून आत आलं. हे मी तिला मरेपर्यंत सांगणार नाही.

परवानगी तिने दिली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "ताई, मला त्याची एक प्रत पाठवाल का? मोठी."

"बघते," मी म्हणाले, आणि सईला फोन बंद करायला सांगितला.

पाठवीन. पण इतक्यात नाही. थोडे दिवस जळू दे तिला.